फेरिक क्लोराईड आणि ग्रिग्नार्डच्या जोडणीत खरं काम कोणतं लोह करतं, हे ईपीआरवरून ठरवता येतं का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. विचारणारे नागपुरातच पीएचडी करतायत. अभिक्रिया अशी: टीएचएफ या द्रावकात ५ मोल टक्के फेरिक क्लोराईड, सोबत टीएमईडीए (दोन नायट्रोजन असलेलं, धातूला चिकटणारं अमाईन), आणि फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाईड या ग्रिग्नार्डची, म्हणजे कार्बन-मॅग्नेशियम अभिकारकाची, सायक्लोहेक्सिल ब्रोमाईडशी जोडणी. ग्रिग्नार्ड ० अंशाला थेंबथेंब १० मिनिटांत सोडतात आणि ते सोडून होईपर्यंत अभिक्रियाही संपलेली असते. यील्ड छान आहे. पिवळं द्रावण आधी तपकिरी आणि शेवटी जवळजवळ काळं होतं. यूव्ही-व्हिजिबल वर्णपट घेतला तर नुसती उतरण, धड एक पीक नाही. मुंबईहून ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात विजोड इलेक्ट्रॉन टिपणारी पद्धत) करून आणला, त्यात जी ४.३ ला (जी म्हणजे सिग्नलची जागा सांगणारा आकडा) ठसठशीत सिग्नल मिळाला. गाईड म्हणाले, 'लोह-तीन हाच सक्रिय उत्प्रेरक' असं लिहा (लोह-तीन म्हणजे अधिक तीन ऑक्सिडेशन अवस्थेतलं लोह). रिव्ह्यूअरने विचारलं, कशावरून? आता यांना हवंय ते असं: नागपुरात राहून आणखी कोणती स्पेक्ट्रोस्कोपी केली तर रिव्ह्यूअरचं समाधान होईल?

रिव्ह्यूअरचं म्हणणं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि आणखी एखादं यंत्र जोडून हा तिढा सुटेल असं मला वाटत नाही. कोणतं यंत्र हे मागाहून ठरवू. आधी तुम्हाला नेमका दावा काय करायचाय ते ठरवा. फ्लास्कमध्ये लोह कोणकोणत्या रूपात आहे, हा एक प्रश्न. त्यातलं कोणतं रूप उत्प्रेरणाच्या चक्रात प्रत्यक्ष फिरतंय, हा दुसरा. स्पेक्ट्रोस्कोपी पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्यासाठी त्या वर्णपटाला घड्याळ बांधावं लागतं. तुमच्या पेपरात पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढलाय. अडचण एवढीच आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते: पुढचं सगळं ग्रिग्नार्डसारख्या तीव्र क्षपणकारक अभिकारकाबरोबरच्या लोहाबद्दल आहे. तुम्ही हायड्रोजन पेरॉक्साईड वापरून सी-एच ऑक्सिडेशन करत असता तर माझं उत्तर पार वेगळं असतं. तिथे लोह-चार ऑक्सो जातीला (जात म्हणजे द्रावणातलं लोहाचं एक रूप) ७०० ते ८५० नॅनोमीटरच्या आसपास फिकट पण ओळखू येणारा पट्टा असतो. २००३ साली स्फटिकरचना निघालेल्या टीएमसी लिगँडच्या (लिगँड म्हणजे धातूला चिकटणारा रेणू) संयुगात तो ८२० ला आहे. उणे ४० अंशाला ॲसिटोनायट्राईलमध्ये साध्या यूव्ही-व्हिजिबलवर तो येताना-जाताना दिसतो, त्यामुळे निम्मं काम कॉलेजातच होतं. तुमच्या काळ्या द्रावणाच्या बाबतीत ती चैन नाही. तिथे यूव्ही-व्हिजिबलमधून काही शोधू नका, वेळ वाया जाईल.

आता त्या ४.३ बद्दल. हाय-स्पिन लोह-तीन, म्हणजे स्पिन ५/२ (पाच विजोड इलेक्ट्रॉन), कमी सममितीच्या परिसरात बसलं की जी ४.३ ला सिग्नल देतं. इथवर गाईड सर बरोबर आहेत. पण हा सिग्नल इतक्या सहज मिळतो की ईपीआरवाले त्याला कचरा लोह म्हणतात. झाकण नीट नसलं, ट्यूब भरताना जराशी हवा गेली, की लोहाचा थोडा भाग ऑक्सिडाइझ होतो आणि ४.३ उभा राहतो. साध्या बोरोसिलिकेट काचेतसुद्धा अंशमात्र लोह-तीन असतं आणि ते नेमकं ४.३ लाच दिसतं. म्हणून पहिला प्रश्न: ट्यूब क्वार्ट्झची होती ना? रिकाम्या ट्यूबचा, मग नुसत्या द्रावकाचा वर्णपट घेतला होता का? नसेल, तर रिव्ह्यूअरला उत्तर लिहायच्या आधी तेवढं तरी करून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ईपीआरला सगळं लोह दिसत नाही. नेहमीच्या एक्स-बँड मोजणीत, म्हणजे साधारण ९.५ गिगाहर्ट्झला, स्पिन २ असलेलं लोह-दोन बहुतेक वेळा गप्प बसतं. दोन लोह अणू एकमेकांशी जोडले जाऊन एकूण स्पिन शून्य झाली, तर तेही गप्पच. लग्नाच्या वरातीत सगळ्यात मोठा आवाज बँडचा असतो, म्हणून कोणी बँडवाल्याला नवरदेव समजत नाही, ४.३ च्या बाबतीत मात्र लोक सर्रास तेच करतात. यावर उपाय म्हणजे स्पिनची मोजदाद. त्याच तापमानाला, त्याच पॉवरला, संपृक्तता होत नाहीये, म्हणजे जास्त पॉवरने सिग्नल दबत नाहीये, हे पाहून, माहीत असलेल्या तीव्रतेच्या लोह-तीन ईडीटीएचा वर्णपट घ्या. तोही ४.३ लाच येतो, म्हणून तुलना रास्त होते. मग दोन्हींचं दुहेरी इंटिग्रेशन करा. समजा तुमच्या ट्यूबमध्ये एकूण लोह १० मिलिमोलर आहे आणि ४.३ चा हिशेब ०.३ मिलिमोलर निघाला, तर तो ठसठशीत सिग्नल ३ टक्के लोहाचा आहे आणि ९७ टक्के लोहाबद्दल तुम्ही एक अक्षरही बोललेला नाहीत. ग्रिग्नार्डच्या द्रावणात असाच काहीसा आकडा येईल, अशी माझी अटकळ आहे. ५० टक्क्यांच्या वर निघाला तर मात्र मी माझं म्हणणं मागे घेईन.

ही अटकळ हवेतली नाही. या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे, आणि तो तुमच्या प्रस्तावनेत यायला हवा. तामुरा आणि कोची यांनी १९७१ मध्ये फेरिक क्लोराईडच्या मदतीने ग्रिग्नार्ड आणि व्हिनिल ब्रोमाईडची जोडणी दाखवली, पॅलॅडियमचा बोलबाला व्हायच्या आधी. कोचींना मिथिल ग्रिग्नार्डच्या द्रावणात स्पिन १/२ चा ईपीआर सिग्नल दिसला होता आणि त्यांची विचारसरणी लोह-एककडे झुकत होती. तो सिग्नल कोणाचा, हे पुढची चाळीसेक वर्षं कोणालाच छातीठोक सांगता आलं नाही. तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठात असलेल्या नायडिग यांच्या गटाने द्रावण गोठवून ईपीआर, मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोह पाहणारं तंत्र, पुढे येतंच) आणि एमसीडी (चुंबकीय क्षेत्रातला प्रकाशशोषणाचा वर्णपट) एकत्र लावले, थंडीतच स्फटिक वाढवले आणि २०१६ मध्ये उत्तर दिलं: आठ लोह अणू आणि बारा मिथिल गट असलेला, एक ऋण प्रभाराचा पुंजका. हिशेब करून पाहा, बारा मिथिल ऋण, एकूण प्रभार उणे एक, म्हणजे आठ लोहांवर मिळून अधिक अकरा; प्रत्येकी सरासरी १.३८ च्या आसपास. सुटा लोह-एक अणू समजून चाललेला सिग्नल आठ अणूंच्या पुंजक्याचा निघाला. त्यातही खोच अशी की व्हिनिल ब्रोमाईडशी पटकन आणि नेमकी जोडणी होण्यासाठी त्या पुंजक्याबरोबर आणखी ग्रिग्नार्डही असावं लागतं. नुसता पुंजका वेगळा काढून 'हा बघा उत्प्रेरक' म्हणता येत नाही.

त्याच गटाचं २०१८ चं एनएमपी या द्रावकावरचं काम तुमच्या टीएमईडीएच्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. फेरिक क्षारांच्या या जोडण्यांत एनएमपी घातलं की यील्ड सुधारते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते लोहाला चिकटून त्याला सांभाळत असेल असं गृहीत धरलं जायचं. गोठवून, स्फटिक काढून पाहिलं तर सहा एनएमपी रेणू मॅग्नेशियमभोवती बसलेले, आणि लोह वेगळंच: तीन मिथिल असलेलं लोह-दोन, ऋण प्रभाराचं. हे लोह-दोन नेहमीच्या ईपीआरमध्ये दिसत नाही. म्हणजे फक्त ईपीआरवर विसंबून राहिलं असतं तर या अभिक्रियेतली मुख्य जात नजरेतून सुटली असती. टीएमईडीएबद्दलही वाद आहेच. या जोडण्यांवर काम करणाऱ्या नाकामुरा यांच्या बाजूचं म्हणणं टीएमईडीए लोहावर बसतं असं, तर बेडफर्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की मेसिटिल ग्रिग्नार्ड पुरेसं असलं तर टीएमईडीए बाजूला पडतं आणि तीन मेसिटिलवालं ऋण संयुग उरतं. इथे एक सावधगिरी. मेसिटिल गट आडदांड असतो, त्यामुळे त्याची संयुगं टिकतात, स्फटिक देतात. तुमचं फेनिल तसं नाही. टिकाऊ नमुन्यावरून चपळ नमुन्याबद्दल बोलताना जीभ आवरावी.

फेनिलचं काम थेट उपलब्ध आहे. फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाईड आणि साध्या लोहक्षारांपासून टीएचएफमध्ये चार लोह, सहा फेनिल आणि चार टीएचएफ असलेला पुंजका नायडिग यांच्याच गटाने २०१८ मध्ये वेगळा केला आणि तो जोडणीत महत्त्वाची भूमिका बजावतो हे दाखवलं. त्यात टीएमईडीए नव्हतं, हे लक्षात ठेवा. पण तुमच्या काळ्या द्रावणात शोधाशोध कुठून सुरू करायची, याचा हा चांगला पत्ता आहे.

आता घड्याळाचा मुद्दा. हा हिशेब कागद-पेन्सिलवर होतो आणि कितीतरी दावे इथेच गारद होतात. उत्प्रेरक ५ मोल टक्के, म्हणजे प्रत्येक लोह अणूला सरासरी २० फेऱ्या माराव्या लागतात. सगळी जोडणी १० मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत होते. एका फेरीला ३० सेकंद. शिवाय तुम्ही ग्रिग्नार्ड थेंबथेंब सोडताय, त्यामुळे हा वेग सिरिंजचा आहे. लोहाला संधी मिळाली तर ते याहून जलद फिरत असेल. तेव्हा तुम्ही पकडलेली जात जर खरोखर चक्रातली असेल, तर सायक्लोहेक्सिल ब्रोमाईड दाखवल्यावर ती त्याच तापमानाला ३० सेकंदांच्या आत खर्ची पडायला हवी, आणि तेवढ्याच वेळात तितकंच उत्पादन जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीत) दिसायला हवं. तुमची ४.३ वाली जात पंधरा मिनिटं जशीच्या तशी बसून राहिली, तर ती प्रेक्षकांत आहे.

प्रयोग असा लावा. ब्रोमाईड न घालता लोह, टीएमईडीए आणि ग्रिग्नार्ड एकत्र करा, थोडा भाग गोठवा. मग ब्रोमाईड घाला आणि १०, ३०, ६० सेकंदांनी आणि शेवटी पाच मिनिटांनी भाग गोठवत जा. प्रत्येक वेळी शेजारीच दुसरा भाग आम्लात ओतून जीसीसाठी ठेवा. एकाच वेळच्या दोन कुप्यांवर एकच खूण. स्पेक्ट्रम आणि जीसी वेगवेगळ्या दिवशीच्या बॅचचे असले तर कोणताही जागरूक रिव्ह्यूअर ते परत पाठवेल. आणि तापमान बाथमधल्या थर्मामीटरचं लिहा. आपल्याकडे एसी नसलेल्या लॅबमध्ये 'खोलीचं तापमान' मे महिन्यात ४० च्या घरात आणि डिसेंबरात त्याच्या निम्मं असतं. त्या दोन दिवसांची गती एका आलेखावर मांडली तर अर्थ लागणार नाही.

गोठवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच बिघडतं. शुद्ध टीएचएफ गोठताना स्फटिक होतो, काच होत नाही. विरघळलेलं लोह कडेला ढकललं जाऊन एका जागी दाटतं आणि ईपीआरच्या रेषा फुगतात. २-मिथिल टीएचएफ चांगली काच देतो. पण द्रावक बदलला तर अभिक्रिया तशीच चालते का, हे आधी जीसीवर पाहा. ट्यूब थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली तर तिच्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि गोठायला जास्त वेळ लागतो. आयसोपेंटेनची बाथ नायट्रोजनने घट्ट होईपर्यंत गार करून तिच्यात बुडवली तर काही सेकंद वाचतात, आणि तुमच्या हिशेबात १० सेकंदांना किंमत आहे. आयसोपेंटेन ज्वालाग्राही आहे, बर्नर-हीटगन सगळं लांब ठेवून.

आणखी एक, आणि हे जिवावर बेतणारं आहे. श्लेंक लाइनवर (हवा टाळून काम करायच्या नळ्यांच्या मांडणीवर) आर्गॉन असेल तर लाइनला जोडलेली उघडी ट्यूब द्रव नायट्रोजनमध्ये बुडवू नका. आर्गॉन ८७ केल्व्हिनला द्रव होतो आणि नायट्रोजन उकळतो ७७ ला. ट्यूबमध्ये नकळत द्रव आर्गॉन साठतो, मग ती ट्यूब सील केली आणि गरम झाली की फुटते. आधी स्टॉपकॉक बंद, मग बुडवणं. हवा आत घेतलेल्या सापळ्यात ऑक्सिजनही असाच साठतो, तो तर अधिकच वाईट. नव्या विद्यार्थ्यांना हे सांगितल्याशिवाय मी डेवारला (द्रव नायट्रोजनच्या थर्मासला) हात लावू देत नाही. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न इथे फारसा नाही: वायू पुरवठादार देतात, आणि गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो नेहमी लागत असल्याने पशुवैद्यकातल्या ओळखीही कामाला येतात.

मॉसबाउअरकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. रुडॉल्फ मॉसबाउअर यांना ज्या शोधासाठी १९६१ चं नोबेल मिळालं, त्यावर हे तंत्र उभं आहे. कोबाल्ट-५७ च्या स्रोतातून १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण निघतात, स्रोत सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या वेगाने मागेपुढे हलवायचा, आणि नमुन्यातलं लोह-५७ कोणत्या वेगाला ते शोषतं ते मोजायचं. फायदा हा की लोहाची स्पिन काहीही असो, सगळं लोह दिसतं. ईपीआरला न दिसलेले ते ९७ टक्के इथे समोर येतात, आणि रेषांच्या क्षेत्रफळावरून कोण किती हेही साधारण कळतं. वर सांगितलेल्या वेगवेगळ्या सेकंदांच्या नमुन्यांवर हे केलं, तर कोणती जात घटली आणि कोणती वाढली ते टक्केवारीत मांडता येतं.

अडचणीही ऐका. निसर्गातल्या लोहात लोह-५७ जेमतेम २.१ टक्के असतं. मिलिमोलर द्रावणात त्या जोरावर धड वर्णपट मिळत नाही, म्हणून समृद्ध, म्हणजे लोह-५७ चं प्रमाण वाढवलेलं, लोह विकत घेऊन त्याचं फेरिक क्लोराईड करावं लागतं. ते महाग आहे, त्यामुळे अभिक्रिया छोट्या प्रमाणावर बसवून, सराव साध्या लोहावर करून, मगच हात घाला. दुसरी अडचण तुमच्या अभिक्रियेत बसलेली आहे आणि ती पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते: ब्रोमीन. ब्रोमीनची के-कड (ज्या ऊर्जेपासून शोषण एकदम वाढतं ती) १३.४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, म्हणजे १४.४ च्या किंचित खाली. त्यामुळे तो हे गॅमा किरण हावरटासारखे गिळतो. तुमचं ग्रिग्नार्ड ब्रोमाईड, सबस्ट्रेट ब्रोमाईड. डिटेक्टरपर्यंत पोचणारच काय? शक्य असेल तर फेनिल मॅग्नेशियम क्लोराईड वापरून पाहा. क्लोरीनही थोडं गिळतो, पण ब्रोमीनइतकं नाही. हॅलाईड बदलल्यावर यील्ड आणि वेग तोच राहतो का ते आधी तपासा. नाही राहिला तर ब्रोमाईडच ठेवून नमुन्याची जाडी कमी करा आणि मोजणी लांबवा. डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक तर याच कारणाने बादच.

अर्थ लावतानाही घाई नको. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की अल्फा-लोहाच्या तुलनेत हाय-स्पिन लोह-तीनची आयसोमर शिफ्ट (वर्णपटाचा मध्य किती सरकला ते) ०.३ ते ०.५ मिमी प्रति सेकंद आणि हाय-स्पिन लोह-दोनची १ च्या आसपास किंवा वर. ते ऑक्सिजन-नायट्रोजनने वेढलेल्या लोहाला लागू. लोहावर फेनिल, मिथिल बसले, समन्वयसंख्या कमी झाली, की लोह-दोनची शिफ्ट बरीच खाली घसरते आणि लोह-तीनच्या पट्ट्यात शिरते. त्यामुळे नुसती शिफ्ट पाहून अंक चिकटवू नका. स्फटिकरचना माहीत असलेल्या फेनिल-लोह संयुगांच्या आकड्यांशी ताडा, आणि गणनाशास्त्रवाल्या एखाद्या सहकाऱ्याकडून डीएफटी या गणनापद्धतीने शिफ्ट काढून घ्या. द्रावण काळं होतंय त्यामुळे धातुरूप लोहाचे बारीक कण झालेत का हेही इथे कळतं: खूप गार तापमानाला त्यांचा सहा रेषांचा संच दिसतो. नायट्रोजनच्या तापमानाला बारीक कण फसवतात, तेव्हा त्यासाठी हीलियमवर मोजणारी जागा शोधा. मॉसबाउअरसाठी मी आपल्याकडून इंदूरला जाण्याचा सल्ला देईन. यूजीसी-डीएई केंद्रात ही सोय आहे आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ते वापरू देतात. अर्ज आधी करावा लागतो.

इंदूरचाच विषय निघाला म्हणून: आरआरकॅट या संशोधन केंद्राच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे शोषणाची सोय आहे आणि लोहाची के-कड, ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तिथे आरामात मोजता येते. पण तुमच्यासाठी मी ते शेवटच्या क्रमांकावर ठेवेन. एक्झॅफ्सला (एक्स-रे शोषणावरून शेजारच्या अणूंची अंतरं काढणाऱ्या पद्धतीला) लोह-कार्बन आणि लोह-नायट्रोजन यांतला फरक कळत नाही, आणि टीएमईडीए लोहावर आहे की नाही हा तर तुमचा मुख्य प्रश्न. लोह-लोह अंतर दिसलं तर पुंजक्याच्या बाजूने पुरावा मिळेल, एवढाच खरा उपयोग. तीव्र किरणांनी नमुन्याचंच क्षपण होतं, तेही पाहावं लागतं.

नागपुरात, खिशाला न लागता काय होईल? पुष्कळ. एक, बायफेनिलचा हिशेब. दोन फेनिल ऋण जोडून बायफेनिल झालं की लोहाला दोन इलेक्ट्रॉन मिळतात. सायक्लोहेक्सिल ब्रोमाईड न घालता लोहावर ग्रिग्नार्ड सोडा आणि जीसीवर बायफेनिल मोजा. लोहामागे अर्धा मोल आला तर सरासरी लोह-दोनपर्यंत उतरलंय, एक मोल आला तर लोह-एक, दीड आला तर शून्य. ग्रिग्नार्डच्या बाटलीत आधीपासून थोडं बायफेनिल असतंच, ते वजा करा, आणि क्वेंच करताना हवा लागू देऊ नका, नाहीतर ऑक्सिजनही बायफेनिल बनवतो. या एका प्रयोगाने 'लोह-तीन' हा दावा बहुधा तिथेच निकालात निघेल.

दोन, इव्हान्स पद्धत. जी संयुगं तुम्ही वेगळी काढू शकाल त्यांचा चुंबकीय आघूर्ण साध्या एनएमआरवर निघतो; लोह-दोनला पाचच्या आसपास, लोह-तीनला ५.९ च्या. हाय-स्पिन लोह-दोनचा प्रोटॉन एनएमआरही घेऊन पाहा, अनुचुंबकीय आहे म्हणून ऑपरेटर नाही म्हणेल, पण खिडकी अधिक २०० ते उणे १०० पीपीएमपर्यंत उघडायला सांगा. रेषा पसरट असतील, तरी दिसतात. लिगँड लोहावर आहे का याचं उत्तर कधीकधी एवढ्यातच मिळून जातं.

आणि तीन, जे खरं तर पहिलं करायला हवं: फेरिक क्लोराईडची शुद्धता. बुखवाल्ड आणि बोल्म यांनी २००९ मध्ये दाखवलं की फेरिक क्लोराईडच्या नावावर जमा झालेल्या काही कार्बन-नायट्रोजन आणि कार्बन-ऑक्सिजन जोडण्या प्रत्यक्षात त्यातल्या पीपीएम पातळीवरच्या तांब्याने चालत होत्या. तुमची अभिक्रिया वेगळ्या जातीची आहे आणि इथे लोहाचं श्रेय पक्कं आहे, तरी निकेल, कोबाल्ट, पॅलॅडियम, तांबं यांची आयसीपी तपासणी (सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारी) जोडलीत तर रिव्ह्यूअरचं तोंड बंद होईल. आपलं शहर खाणींच्या कारभाराचं आहे, भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालयच इथे. धातू मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा शोधायला नागपूर सोडावं लागत नाही. मॅग्नेटिक बारही नवीन घ्या. जुन्या बारच्या टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत मागच्या अभिक्रियांमधलं पॅलॅडियम बसलेलं असतं आणि ते ॲसिटोनने धुऊन जात नाही.

रिव्ह्यूअरला काय लिहायचं? माझं मत असं की या पेपरापुरता 'सक्रिय उत्प्रेरक लोह-तीन आहे' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी लिहा की गोठवलेल्या नमुन्यात जी ४.३ चा सिग्नल दिसतो, तो एकूण लोहाच्या अमुक टक्के आहे, ब्रोमाईड घातल्यावर तो अमुक वेळात बदलतो किंवा बदलत नाही, बायफेनिलच्या हिशेबाने लोहाची सरासरी अवस्था अमुक आहे, उरलेलं लोह ईपीआरला दिसत नाही. गाईड सरांना हे पाणी घातल्यासारखं वाटेल. त्यांना शांतपणे टक्केवारी आणि ३० सेकंदांचा हिशेब दाखवा. आकड्यांपुढे सहसा वाद होत नाही. मॉसबाउअर पुढच्या पेपरासाठी ठेवा, कारण समृद्ध लोह मिळवून, वेळ मिळवून, नमुने नेऊन काम व्हायला महिने जातात आणि रिव्हिजनची मुदत तेवढी नसते.

मुंबईला पुन्हा ईपीआरचे नमुने नेणार असाल तर ड्राय शिपरमध्ये न्या. त्यात द्रव नायट्रोजन भिंतीतल्या पदार्थात शोषलेला असतो, सांडत नाही. समृद्धीवरून गाडीने न्यायचं ठरवलं तर खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, बंद गाडीत नायट्रोजन साठू देऊ नका. ट्यूबवर मार्करने लिहिलेलं थंडीत निघून जातं, म्हणून खूण चिकटपट्टीवर करून ट्यूबच्या वरच्या टोकाला लावा. रिकामी ट्यूब, द्रावकाची ट्यूब आणि लोह-तीन ईडीटीएची ट्यूब सोबत हवीच. ऑपरेटरला फोनवर आधीच सांगा की नमुना हवेला चालत नाही आणि ट्यूब वितळू द्यायची नाही. बायफेनिलचा आकडा आला की इथेच टाका. तो एकच्या वर गेला तर टीएमईडीएबद्दल वेगळं बोलावं लागेल.